थप्पीमागचा मीटर

आमच्या घरी कुत्रा नाही. कधी नव्हता. हे वाक्य गेल्या हिवाळ्यात मी इतक्या खिडक्यांसमोर आणि इतक्या वेगवेगळ्या सुरांत म्हटलं, की शेवटी शेवटी म्हणताना मलाच अपराध्यासारखं वाटायला लागलं. पण सुरुवात कुत्र्यापासून झाली नाही. सुरुवात लाकडापासून झाली.

आमच्या बैठकीच्या खोलीत एक लोखंडी शेगडी आहे. वर धुराडं, पुढे काचेचं दार आणि दारापुढे बाबांची खुर्ची. आदल्या थंडीत तर या शेगडीने धुराड्याशी भांडण झाल्यासारखा सगळा धूर खोलीत सोडला. घरात माणसं तिघंच, पण खोकण्याचा आवाज दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर असतो तेवढा. डॉक्टरांनी बाबांची छाती तपासून विचारलं, "दिवसाला किती ओढता?" आई म्हणाली, "ते नाही ओढत. आमची शेगडी ओढते." आणि घरी आल्याबरोबर तिने जाहीर केलं की पुढच्या थंडीत ही शेगडी जाणार आणि विजेचा हीटर येणार.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर एका हीटरला मी एवढी का घाबरले ते कळायचं नाही. बाबा बसस्थानकावर हरवलेल्या वस्तूंची खोली सांभाळायचे. निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण त्या खोलीतल्या गोष्टी त्यांच्यात अजून शिल्लक आहेत आणि त्या बाहेर पडायची एकच वाट आहे: शेगडी. शेगडी पेटली की बाबा बोलायला लागतात. थंडी संपून ती विझली की बाबाही विझतात. मग वसंत, उन्हाळा, पावसाळा आमचा सगळा संसार "हं", "नको" आणि "ठेव तिथे" एवढ्यावर चालतो. रागबिग काही नसतो. माणूस चांगला हसतमुख असतो, फक्त बोलत नाही. मामाच्या घरी एकदा त्यांना हीटरपुढे बसवून पाहिलं होतं. त्या लाल तारांकडे त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं आणि विचारलं, "हा बंद कुठून होतो?" त्या संध्याकाळचं त्यांचं सगळं बोलणं एवढंच.

तेव्हा शेगडी गेली तर बाबा बारा महिने उन्हाळ्यात जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. मी आईकडे एका थंडीची मुदत मागितली. मी नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन कॉलेजातून बाहेर पडले होते, नोकरी लागायची होती, आणि अशा अवस्थेत माणसाला घरातल्या प्रत्येक गोष्टीत सुधारणेला वाव दिसतो. आईने मुदत दिली, पण अट घातली. शेगडीच्या बाजूला ती पांढराशुभ्र धुतलेला पडदा लावणार. पडदा काळवंडला, की हीटर. वाद नाही, आलेख नाहीत. आलेखांचं तिने मुद्दाम म्हटलं.

मी अभ्यासाला लागले. निष्कर्ष असा निघाला की शेगडी निर्दोष आहे आणि गुन्हेगार आम्ही आहोत. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास अर्धं पाणी असू शकतं. ते वाळायला वारा लागतो. आम्ही काय करायचो, तर लाकूड भिजू नये म्हणून जिन्याखाली कोंबून चारी बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचो. म्हणजे आम्ही ते वाळवत नव्हतो, मुरवत होतो. शिवाय ते हाताळण्याची आमची पद्धत. गाडीतून दारात, दारातून जिन्याखाली, पाहुणे आले की जिन्याखालून अंगणात, पाऊस आला की पुन्हा आत, मग टोपलीत, टोपलीतून शेगडीत. एकेक लाकूड जळण्यापूर्वी इतक्यांदा आमच्या कडेवर बसून फिरायचं की शेवटी ते आगीत टाकताना जीवावर यावं.

उपाय मला खिडकीत सापडला. बैठकीच्या खोलीची एक खिडकी घराच्या बाजूच्या चिंचोळ्या पट्टीत उघडते. तिथे ऊन येतं, वारा तर चोवीस तास. त्या भिंतीला लागून खिडकीच्या कडेइतकी उंच थप्पी रचायची. गाडी पट्टीच्या तोंडाशी रिकामी करायची, लाकूड थेट थप्पीत जाणार, आणि थंडीत खिडकीतून हात बाहेर काढला की लाकूड हातात, वळलं की शेगडी. मी भिंतीची मापं घेतली, आराखडा काढला. भिंतीवर जे जे होतं ते सगळं त्यात दाखवलं: पन्हाळ, खिळे, एक भेग आणि खिडकीच्या जरा खाली, भिंतीच्याच रंगाने रंगवलेलं एक छोटं लाकडी दार. त्याच्यापुढे मी बारीक अक्षरात लिहिलं, "दार, लहान. उद्देश अज्ञात."

वसंतात हा आराखडा मी बाबांना दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला, त्या लहान दारावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हं."

मला वाटलं, बारकाव्याचं कौतुक करतायत.

लाकूडवाल्याची गाडी आली आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात जाहीर कामगिरी सुरू झाली. विटांवर फळ्या टाकल्या, म्हणजे खालची ओल वर चढणार नाही. फोडलेल्या लाकडांच्या दोन रांगा, मागेपुढे. दोन्ही टोकांना आडवी-उभी रचना, म्हणजे थप्पी घसरणार नाही. साल वरच्या बाजूला. वर फक्त पत्रा, बाजू उघड्या.

आमच्या शेजारी एक निवृत्त मोजणीदार राहतात. सगळी गल्ली त्यांना मागून ओळंबा म्हणते, कारण जगातली कुठलीही वस्तू सरळ आहे की नाही हे सांगितल्याशिवाय ते तिच्याजवळून जाऊ शकत नाहीत. ते कुंपणावर हात ठेवून पूर्ण वेळ उभे होते. थप्पी पूर्वेकडे झुकते आहे, असं त्यांनी सांगितलं. मी ती पश्चिमेकडे ढकलली. मग ती पश्चिमेकडे झुकते आहे, असं सांगितलं. कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू दाताच्या डॉक्टर. त्यांनी दोन लाकडांमधल्या फटीत बोट घालून पाहिलं आणि खिन्न चेहऱ्याने म्हणाल्या, "एवढ्या फटी ठेवल्यास? कीड लागणार." हे वारा खेळावा म्हणून मुद्दाम ठेवलं आहे, असं मी समजावलं. त्यावर, असं सगळेच पेशंट म्हणतात, असं त्यांचं उत्तर.

पुढचे महिने मी काही नमुन्यांची लाकडं ठराविक दिवशी स्वयंपाकघराच्या काट्यावर तोलत होते. वजन घटत होतं, आणि त्याबरोबर आईची पीठ तोलण्याची इच्छाही. आणखी एक चाचणी असते: लाकडाच्या एका टोकाला साबणाचं पाणी लावायचं आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकायचं. लाकूड वाळलं असेल तर त्यातल्या बारीक नळ्या मोकळ्या झालेल्या असतात, साबणाचे फुगे येतात. शास्त्रीयदृष्ट्या चाचणी उत्तम आहे. पण सकाळी अंगणात उभं राहून लालबुंद चेहऱ्याने लाकडात फुंकर मारणाऱ्या मुलीकडे ओळंबा काका ज्या नजरेने बघत होते, त्यावरून माझ्या नोकरीची चिंता आता फक्त आमच्या घरापुरती राहिली नव्हती.

अशात पावसाळा संपल्यावर एके दिवशी पाण्याच्या मीटरचा माणूस आला. तोवर मीटर न वाचताच सरासरीची बिलं येत होती. पट्टीत गेला, परत आला आणि म्हणाला, "ताई, मीटर कुठे गेला?"

त्या लहान दाराचा उद्देश मला त्या क्षणी ज्ञात झाला.

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. मान हलवण्यात काही नवल नव्हतं, त्यांना हे वसंतापासून माहीत होतं. फक्त वसंत होता, त्यामुळे ते "हं" एवढंच म्हणाले होते.

मीटरवाला भला माणूस होता. त्याच्या हातातल्या यंत्रात मीटर वाचता न येण्याची कारणं आधीच भरलेली होती आणि त्यातलंच एक निवडावं लागे: कुलूप, चावरा कुत्रा, पडकं घर. लाकूड हे कारण नव्हतं. त्याने माझ्याशी मोकळेपणाने विचारविनिमय केला. कुलूप टाकलं तर दंडाची नोटीस निघते. पडकं घर टाकलं तर नळजोड रद्द होतो. "कुत्रा टाकतो," तो म्हणाला. "कुत्र्याला कोणी काही बोलत नाही." मी त्याचे आभार मानले, हे आता आठवलं की कान गरम होतात.

पुढच्या महिन्यातही त्याने कुत्राच टाकला. मग यंत्राने आपणहून ही माहिती कुत्र्यांच्या खात्याला कळवली. एका सकाळी दारात कोपरापर्यंत चामड्याचे हातमोजे घातलेले एक साहेब उभे राहिले. आमच्या चावऱ्या, विनापरवाना कुत्र्याला लस टोचायला ते आले होते.

कुत्रा नाही, असं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, पळाला का? पळाला असेल तर मोकाट सोडल्याचा गुन्हा होतो. मेला का? मेला असेल तर कुठे पुरला ते दाखवा. मुळात नव्हताच, म्हटलं तर त्यांनी समजुतीने हसून सांगितलं की सगळे असंच म्हणतात. एखादी गोष्ट नाही हे सिद्ध करणं किती कठीण असतं, यावर आम्हाला कॉलेजात एक अख्खं व्याख्यान झालं होतं. ते त्यांना ऐकवावं असं क्षणभर वाटलं, पण त्यांच्या हातातली सुई बघून मी विचार बदलला. आठवड्याने पुन्हा येतो, तोवर कुत्रा हजर ठेवा, असं सांगून ते गेले.

मी रीतसर मार्गाने जायचं ठरवलं. पाण्याच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की कुत्र्याचा शेरा काढता येतो, पण मीटरचं वाचन झाल्यावरच. तीनदा वाचन झालं नाही तर पाणी तोडतात, आणि आमचं दोनदा झालेलं नव्हतं. कुत्र्यांच्या कार्यालयात गेले. तिथे म्हणाले, शेरा पाण्याच्या लोकांनी काढायचा, आमच्याकडे फक्त कुत्रे येतात.

इकडे घरी ओळंबा काका आणि दातवाल्या काकू यांची बैठक बसली होती आणि माझ्या गैरहजेरीत तोडगा निघाला होता. खात्याला कुत्रा हवा आहे ना, मग कुत्रा द्यायचा. काकूंचा कुत्रा एका सकाळपुरता आमच्या दारात बांधायचा, साहेब त्याला सुई टोचतील, प्रकरण मिटेल. मी तत्त्वाचा मुद्दा काढला. आई म्हणाली, "तत्त्वाने आंघोळ करता येत नाही. पाणी लागतं."

साहेब आले. काकूंचा कुत्रा दारात झोपला होता. फार म्हातारा कुत्रा. साहेबांनी हातमोजे चढवून, लांबून काठीने त्याला डिवचलं. त्याने काठी चाटली. साहेब जवळ आले. त्याने हातमोजा चाटला. साहेबांनी त्याचं तोंड उघडून पाहिलं, आणि दाताच्या डॉक्टरच्या घरी राहूनही त्या कुत्र्याच्या तोंडात एक दात शिल्लक नव्हता. साहेब सावकाश उठले. आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं.

"म्हणजे चावणारा वेगळा आहे," ते म्हणाले. "तो कुठे लपवलाय?"

अशा रीतीने एकही कुत्रा नसलेल्या आमच्या घरात कागदोपत्री दोन कुत्रे झाले.

आता मीटर वाचणं हाच एक मार्ग होता, आणि मीटरवाला महिनाअखेर शेवटचा येणार होता. दातवाल्या काकूंनी तोंडात घालून बघायचा त्यांचा लांब दांड्याचा आरसा दिला. मी तो फटीतून आत सारला, विजेरी मारली आणि मला स्वच्छ दिसलं की लहान दार बंद आहे. ते बंद आहे हे मला आधीच ठाऊक होतं. मग ओळंबा काकांच्या सांगण्यावरून मधलंच एक लाकूड हळूच ओढून पाहिलं. थप्पीने पोट पुढे काढलं. बाबा धावत आले आणि त्यांनी पाठ लावली. आम्ही दोघं तसेच, लाकडांना पाठ टेकून, फोटो काढायला उभं राहिल्यासारखे उभे होतो, तोवर आईने आणि काकांनी टेकू आणले.

मधून खिंड पाडता येणार नाही, हे सिद्ध झालं. वरून एकसारखी उतरवत आणायला हवी. पण उतरवलेलं ठेवायचं कुठे? बाहेर रोज धुकं आणि भुरभुर पाऊस. अंगणात टाकलं तर महिन्यांची वाळवण एका दिवसात भिजणार. जिन्याखालची जागा आईने शिलाई मशीन टाकून काबीज केली होती. लाकूड भिजलं तर धूर, धूर झाला तर पडदा, पडदा गेला तर हीटर. पाणी वाचवावं तर शेगडी जाते आणि शेगडी वाचवावी तर पाणी जातं. मी पायरीवर बसून होते आणि, सांगायला हरकत नाही, रडण्याच्या बेतात होते.

तेव्हा बाबा बोलले. थंडी नुकती सुरू होत होती, शेगडी अजून पेटायची होती, तरी बोलले.

"जाळू या," ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मीटरपर्यंत जाळत जाऊ."

इतकी सोपी गोष्ट होती की ती माझ्या कुठल्याही आराखड्यात आली नव्हती. फक्त एक अडचण होती आणि ती मी कोणाला सांगितली नाही. माझ्या हिशेबाने लाकूड पुरतं वाळायला अजून थोडे आठवडे हवे होते. काही नमुन्यांचं वजन अजून घटत होतं. काही लाकडांतून फुगे येत होते, काहींतून फक्त माझा श्वास परत येत होता. पण आता थांबायला वेळ नव्हता. आईने पांढरा पडदा आणून लावला. इस्त्री केलेला.

मी खिडकीतून हात बाहेर काढला, पहिलं लाकूड घेतलं, वळले आणि शेगडीत ठेवलं. ढलप्या पेटवल्या. बाबा खुर्चीत बसले. आई दाराच्या चौकटीत उभी, हाताची घडी घालून. मी लाकडाच्या टोकाकडे बघत होते. ओलं लाकूड तापलं की टोकाला फेस येतो आणि सूं सूं आवाज निघतो. आम्ही वर्षानुवर्षं तो आवाज म्हणजेच शेगडीचा आवाज समजत आलो होतो. मी वाट पाहिली. ढलप्या पेटल्या, साल पेटली, मग लाकडाने एकदम आग धरली, तडतड असा कोरडा, ठणठणीत आवाज आला, आणि फेस काही आला नाही. मी धावत बाहेर जाऊन धुराड्याकडे पाहिलं. वर निघत होती ती नुसती हवेची थरथर. ओळंबा काका कुंपणापाशी होतेच. त्यांनीही वर पाहिलं आणि म्हणाले, "सरळ जातंय."

त्यांच्या तोंडून ही पदवी मिळालेली गल्लीतली ती पहिली वस्तू असावी.

त्यानंतरचे दिवस मला नीटसे आठवत नाहीत, इतकी मी भाजून निघत होते. मीटरवाला यायच्या आत थप्पी लहान दाराखाली उतरवायची होती, म्हणून सकाळी दूध यायच्या आधी शेगडी पेटायची ती झोपताना विझायची. बाहेर कडाका आणि घरात आम्ही अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून. खिडकीतून लाकूड आत, आणि त्याच वेगाने बाबांच्या गोष्टी बाहेर. एरवी चार महिन्यांत पुरवून सांगायचा साठा बाबा दिवसभर उपसत होते. बसच्या टपावर राहिलेला एका लग्नाचा संपूर्ण बँड, माणसं सोडून. एकाच पायाचा बूट शोधत आलेला आणि दुसऱ्याच पायाचा घेऊन समाधानाने गेलेला गृहस्थ. कोणी न्यायला न आलेली दातांची कवळी. ही गोष्ट ऐकायला दातवाल्या काकू दवाखाना उघडायचा सोडून दोनदा आल्या. त्या मीटरबद्दल वसंतातच मला का सांगितलं नाही, असंही मी बाबांना विचारून घेतलं. "मला वाटलं, तुला माहीत असेल," ते म्हणाले. "तू त्याच्यापुढे काहीतरी लिहिलं होतंस."

महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी लहान दाराचा वरचा काठ दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवाला आला तेव्हा दार पूर्ण उघडत होतं. त्याने वाकून आकडा वाचला, यंत्रात भरला आणि बोटाच्या टोकाने आमचे दोन्ही कुत्रे नाहीसे केले. हातमोज्याच्या साहेबांना आता आपोआप कळेल, असं त्याने सांगितलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. नळाला पाणी होतं. घरात कुत्रा नव्हता, आणि आता सरकारदरबारीही नव्हता. बोटं गारठलीत, जरा शेकून जातो, म्हणून तो आत आला आणि शेगडीपाशी स्टूल ओढून बसला. बाबांना नवा श्रोता मिळाला.

मी पडद्याकडे पाहिलं. पांढरा होता. पण निकाल देणारी आई तिथे नव्हती, म्हणून मी तिला बोलवायला स्वयंपाकघराकडे वळले, तर ती दारातच भेटली. हातात भाजीची परडी आणि विळी. तिने पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ येऊन शेगडीच्या दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसली. मला एकदम लक्षात आलं की आईला मी शेगडीपाशी बसलेलं आजवर पाहिलं नव्हतं. धुराने तिच्या डोळ्यांना पाणी यायचं. त्यामुळे लग्न होऊन या घरात आल्यापासून प्रत्येक थंडीत ती आतल्या खोलीत बसायची आणि बाबांच्या गोष्टी भिंतीपलीकडून, भांड्यांच्या आवाजातून तुटक तुटक ऐकायची.

बाबा त्या वेळी मीटरवाल्याला दर महिन्याला येऊन छत्री विचारणाऱ्या बाईंची गोष्ट सांगत होते. त्या बाईंची छत्री कधी हरवलेलीच नव्हती. एवढं झालं आणि मीटरवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. बाबा शिष्टाचाराने थांबले.

"त्यांना जाऊ द्या त्यांच्या कामाला," आई शेंगा निवडत म्हणाली. "तुम्ही सांगा. मग पुढे काय झालं?"